डिकीतल्या ॲम्पपर्यंत करंट पोचतोय का, ते आधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल स्विफ्ट, स्टिरिओ कंपनीचाच. डिकीत १२ इंची वूफर, दोन कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहमची. सोबत मोनो ॲम्प्लिफायर, २ ओहमला ५०० वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे वॅट). वायरिंग किटवर ‘१५०० वॅट’ छापलेलं. मेन फ्यूज डिकीत ॲम्पच्या शेजारी, ॲम्पची अर्थ, म्हणजे मायनसची वायर, मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला. जुळे सोलापुरातून निघून सात रस्त्यापर्यंत येईतो बेस झकास, मग ॲम्पचा लाल दिवा लागतो आणि वूफर गप्प. रात्री प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. रेस दिली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. बसवून देणारे म्हणतात कॅपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा डबा) टाका, नाहीतर बॅटरी मोठी करा. आधी काय करावं?

यातलं काहीच आधी करू नका. पहिलं काम म्हणजे तो फ्यूज बॅटरीपाशी नेणं, आणि ते होईपर्यंत ॲम्पची प्लस वायर बॅटरीवरून काढून ठेवा. बेस चार दिवस नाही वाजला तरी चालेल.

कारण सांगतो. मेन फ्यूज ॲम्पसाठी नसतो, ॲम्पला स्वतःचे फ्यूज असतात. मेन फ्यूज असतो तो बोनेटपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या पाच मीटर वायरसाठी. ती वायर इंजिनशेजारून, पत्र्याच्या भोकातून, दाराखालच्या पट्टीतून, सीटच्या रेलजवळून जाते. यात कुठेही तिचं आवरण घासलं आणि तांब्याला बॉडी लागली, तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर करंट एका क्षणात सोडते. फ्यूज डिकीत असेल तर तो करंट फ्यूजपर्यंत येतच नाही, अलीकडेच बॉडीत जातो. फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तिच्यावरच्या मॅटिंगसकट पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वायरच्या लांबीने दीड फुटाच्या आत हवा, जितका जवळ तितका चांगला. एएनएल किंवा मिनी एएनएल होल्डर (जास्त करंटच्या पट्टी-फ्यूजची डबी) घ्या. तुमच्या ॲम्पवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर मेन फ्यूज ६० किंवा ८० ॲम्पिअरचा पुरतो. वायर बारीक असेल तर फ्यूज वायरच्या हिशेबाने लहान घ्यायचा, ॲम्पच्या नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ५०० वॅटचा क्लास डी (कमी तापणाऱ्या, स्विचिंग पद्धतीचा) ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरा. म्हणजे आत सव्वासहाशे वॅट लागणार. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टला हा करंट ४६ ॲम्पिअरच्या आसपास होतो. गाण्यात सरासरी याच्या एक तृतीयांशही नसते, पण ठोका पडतो त्या क्षणी ॲम्प तेवढा ओढायला बघतो. वायर तेवढा देत असेल तर ठोका भरीव येतो. नसेल देत तर ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज कोसळतं, आत ॲम्प जास्त तापतो आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तुमचं वर्णन मला याच प्रकारचं वाटतंय.

किटची वायर एकदा सोलून बघा. एक तार बाहेर काढा आणि ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. स्वस्त किटमध्ये बहुतेक हेच असतं, आणि वर प्लास्टिकचं आवरण इतकं जाड की बाहेरून वायर दांडगी वाटते. असली वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा साधारण दीडपट अडथळा करते. ८ चौरस मिलिमीटरची मुलाम्याची वायर पाच मीटर धरली तर ४६ ॲम्पिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमध्येच मरतं. २५ चौरस मिलिमीटर शुद्ध तांबं घेतलं तर तोच तोटा सोळा शतांश व्होल्टवर येतो. १६ चौरस मिलिमीटरला पाव व्होल्ट. ५०० वॅटला १६ चालते, पण मी २५ च टाकायला सांगतो, कारण पुढे ॲम्प बदलला तरी गाडी पुन्हा उघडावी लागत नाही.

ही वायर कार ॲक्सेसरीच्या दुकानातच मिळते असं नाही. चांगल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात सिंगल कोअर फ्लेक्सिबल कॉपर केबल चौरस मिलिमीटरवर आणि मीटरवर मिळते, मापाला पक्की असते. मोटार रिवाइंडिंगवाल्यांना विचारलं तर कुठली खरी तांब्याची ते बरोबर सांगतात. तिथेच २५ चे लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) घ्या आणि त्यांच्याच प्रेसवर दाबून घ्या. पक्कडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो, पण डिकीच्या धक्क्यांनी सैल होतो आणि मग तापतो. एक मात्र आहे, ही केबल इंजिनच्या उष्णतेसाठी बनवलेली नसते. बोनेटमधल्या भागावर नालीदार पाइप चढवा, मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, आणि पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) असल्याशिवाय नेऊ नका.

अर्थबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. प्लसची वायर सगळे कौतुकाने टाकतात आणि मायनस मिळेल त्या बोल्टला अडकवतात. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. सीटबेल्टच्या बोल्टखाली रंग असतो, धाग्यांवर चिकटवण्याचं रसायन असतं, आणि मुख्य म्हणजे तो बोल्ट माणसाचा जीव धरण्यासाठी ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो. त्याच्याखाली लग सरकवू नका. असलेला काढून बोल्ट सर्व्हिस सेंटरमधून योग्य टॉर्कने आवळून घ्या. नवीन जागा ॲम्पपासून दीड फुटाच्या आत, बॉडीच्या जाड पत्र्यावर निवडा. रंग आणि प्रायमर सँडपेपरने पूर्ण काढा, पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. दातेरी वॉशर, नट-बोल्ट, घट्ट आवळणी, आणि वरून रंग किंवा ग्रीसचा लेप, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. अर्थची वायर प्लसइतकीच जाड. भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली जाऊन बघा. हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी सहसा मागच्या सीटखाली असते, शेजारून पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप जातात. खाली काय आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही.

पुढच्या टोकालाही लक्ष द्या. डिकीतून बॉडीत गेलेला करंट शेवटी बॅटरीच्या मायनसकडून बॉडीकडे येणाऱ्या कंपनीच्या वायरमधूनच परततो. तिला समांतर एक २५ ची वायर टाकली, एक इंजिन ब्लॉक ते बॉडी, आणि एक फ्यूजसकट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) ते बॅटरी प्लस, तर हेडलाइट मंद होणं बरंच कमी होतं. तुमच्याकडे निदान मायनसची वायर तरी टाकाच. ज्यांची गाडी स्मार्ट हायब्रिड आहे किंवा जिच्या बॅटरीच्या मायनसवर सेन्सरचा छोटा डबा आहे, त्यांनी नवी वायर थेट मायनसच्या खुंटीवर चढवू नये. सेन्सरला वळसा पडतो आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब बिघडतो. तिथे सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर जोडायचं.

कॅपॅसिटरचा हिशेब सोपा आहे. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येताना २६ ज्यूल देतो. तुमचा ॲम्प पूर्ण जोरात सेकंदाला सव्वासहाशे ज्यूल ओढतो. म्हणजे त्याची पुंजी एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपली, बेसचा एक ठोका त्यापेक्षा लांब असतो. वर तो पुन्हा भरायचा कुठून? त्याच अल्टरनेटरवरून. बॅटरीचंही तसंच. इंजिन चालू असताना करंट अल्टरनेटर देतो, मोठी बॅटरी कामाला येते ती इंजिन बंद ठेवून गाणी ऐकताना. वायर आणि अर्थ सुधारल्यावरही बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल, तर तेव्हा अल्टरनेटर आणि बॅटरी तपासू.

हे सगळं अंदाजाने करायचं नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मोबाइलवर ५० हर्ट्झचा साइन टोन डाउनलोड करा. इंजिन चालू ठेवा, टोन मोठ्याने लावा, पण दहा-पंधरा सेकंदच, कारण सलग टोनने कॉइल तापते. या वेळात ॲम्पच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलमध्ये व्होल्टेज वाचा, मग तसंच बॅटरीच्या खुंट्यांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग दोषी. कुठली बाजू, हेही कळतं. एका लांब बारीक वायरने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला लावा. टोन चालू असताना इथे ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. प्लसच्या बाजूला असंच मोजा, मग मधला फ्यूज होल्डर खराब असेल तर तोही सापडतो. स्वस्त होल्डर हात लावला की गरम लागतात.

शिट्टीकडे येऊ. रेस वाढली की सूर वर चढतो, म्हणजे अल्टरनेटरचा आवाज सिग्नलमध्ये शिरतोय. ॲम्पच्या मागून आरसीए पिना (स्टिरिओचा सिग्नल आणणाऱ्या गोल पिना) काढा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वायरमधून येतेय, ॲम्प निर्दोष आहे. कंपनीच्या स्टिरिओला सहसा आरसीए नसते, म्हणून बसवणाऱ्यांनी बहुधा मागच्या स्पीकरच्या वायरवरून कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारा डबा) लावला असेल. त्याची अर्थ कुठे दिलीय ते बघा. स्टिरिओजवळच्या बॉडीला एक आणि ॲम्पची दुसरीकडे असं असेल, आणि मागची अर्थ खराब, तर दोन्हींच्या मधला फरक आवाज होऊन ऐकू येतो. अर्थ दुरुस्त केल्यावर बऱ्याच गाड्यांत शिट्टी तिथेच संपते. उरली तर वायरचा मार्ग बघा. पॉवरची वायर ज्या बाजूने नेली, सिग्नलची दुसऱ्या बाजूने नेली पाहिजे. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

तुमच्या ॲम्पला हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) आहे का, ते बघा. असेल तर कन्व्हर्टर काढून टाका आणि स्पीकरच्या चारही वायर थेट त्यात द्या, प्लस-मायनस जपून. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, स्टिरिओच्या स्पीकरचा मायनस म्हणजे अर्थ नाही. त्या दोन्ही वायरींवर अर्थच्या तुलनेत साधारण सहा व्होल्ट असतात. मायनस बॉडीला टेकवला तर स्टिरिओचा आयसी जातो. वायर कापण्याऐवजी स्टिरिओच्या मागे बसणारा तयार कपलर मिळतो, तो वापरा, वॉरंटीचा वाद होत नाही.

रिमोटची वायर, म्हणजे ॲम्पला चालू-बंद सांगणारी बारीक वायर, अनेक ॲम्प हाय लेव्हल इनपुटवरून स्वतःच समजून घेतात. तुमचा घेत नसेल तर चावी ॲक्सेसरीवर आल्यावरच चालू होणारा फ्यूज शोधा आणि तिथून दोन ॲम्पिअरच्या फ्यूजसकट घ्या. कायम चालू असलेल्या फ्यूजवर दिली तर ॲम्प रात्रभर जागा राहतो. गप्प बसलेला ॲम्पही अर्धा-एक ॲम्पिअर खातो, आणि छोट्या पेट्रोल गाड्यांची बॅटरी सहसा ३५ ॲम्पिअर-तासाची. दोन दिवस गाडी हलली नाही की सेल मारणार नाही.

वूफरची जोडणी. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, म्हणजे दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम, आवाज खूप कमी. तुमच्या ॲम्पला २ ओहम बरोबर आहे. ॲम्पवर किमान किती ओहम लिहिलंय ते मात्र वाचा. ॲम्पची टोकं काढून मीटरने वूफरच्या वायरीवर मोजा, २ ओहमला दीड ते पावणेदोन दिसतं. एकाच्या आसपास दिसलं तर कॉइल २-२ ओहमच्या आहेत आणि ॲम्प प्रोटेक्टमध्ये (लाल दिवा लावून बंद) जाण्याचं कारण तेच असू शकतं.

वॅटच्या आकड्यांवर विसंबू नका, फ्यूज बघा. दोन ३० चे फ्यूज म्हणजे ६० ॲम्पिअर, साडेतेरा व्होल्ट, ८० टक्के धरून जास्तीत जास्त साडेसहाशे वॅटच्या आसपास. ‘३००० वॅट’ छापलेल्या ॲम्पवर ४० चा एकच फ्यूज असेल तर तो साधारण सव्वाचारशेच्या वर सलग देऊ शकत नाही.

गेन सर्वांत शेवटी. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलचा आणि ॲम्पचा मेळ घालणारा स्क्रू आहे तो. वूफरची वायर ॲम्पवरून काढा. बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लो पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झवर. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या, ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. ५०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. मीटरवर ३१ व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. यानंतर स्टिरिओ पाऊणच्या वर न्यायचा नाही. ॲम्पचे वॅट फुगवून लिहिलेले असतील तर फ्यूजच्या हिशेबाने निघालेले वॅट धरा. गेन पूर्ण पिळला की ॲम्प लाटेची टोकं कापायला लागतो, कॉइलला सतत जास्त ताकद जाते, आणि थोड्याच दिवसांत वूफरमधून जळका वास येतो. वूफर जळण्याचं सर्वांत मोठं कारण मी हेच पाहिलंय. ॲम्प लहान असला तरी वूफर असे जळतात.

बॉक्स पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेला) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) २५ ते ३० हर्ट्झवर ठेवा, नाहीतर खालच्या सुरात कोन सुटा हलतो. सीलबंद असेल तर गरज नाही. फेजची (लाटेची दिशा उलटवणारी) कळ ० आणि १८० वर करून बघा, ड्रायव्हरच्या जागेवर बसून ज्यात बेस भरीव वाटेल ती खरी. बॉक्स पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने बांधा. वीस किलोचा सुटा बॉक्स जोराच्या ब्रेकला मागच्या सीटवर आदळतो, आणि तिथे मुलं बसलेली असतात.

सोलापूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. ॲम्प बॉक्सला ठोकलेला, मॅटिंगने झाकलेला किंवा पार्सल ट्रेखाली उलटा लटकवलेला असेल तर वायरिंग कितीही चांगलं केलं तरी दुपारी तो बंद पडणार. त्याला बॉक्सपासून वेगळा, हवा लागेल असा, एखाद्या पातळ प्लायवर बसवा. दुपारी गाडी काढली की आधी दहा मिनिटं एसी, मग बेस. एमआयडीसीत किंवा कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा झाकण काढून ब्लोअर मारावा, काळ्या मातीची धूळ आत बसली की उष्णता बाहेर पडत नाही.

वाचणाऱ्यांत सीएनजीवाले बरेच असतील. त्यांनी हे सगळं जसंच्या तसं करू नये. सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ द्यायची नाही, गॅसच्या पाइपला वायर टेकू किंवा बांधू द्यायची नाही, डिकीत ड्रिल मारायचं नाही. सीटखाली बसणारा, ॲम्प आतच असलेला छोटा वूफर घ्या. त्याला करंट कमी लागतो, १० चौरस मिलिमीटर तांबं आणि बॅटरीपाशी फ्यूज एवढ्यात काम होतं.

आणि काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, जोडताना सर्वांत शेवटी जोडा. सीटखाली किंवा दाराच्या पट्टीत पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे, त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या जुडग्यात आपली वायर बांधायचीही नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा: फ्यूज बॅटरीपाशी, सीटबेल्टची अर्थ काढून नवी अर्थ, वायर खरवडून बघणं, मग टोन लावून मोजणी. कॅपॅसिटरचे पैसे तांब्याला लावा. टोन चालू असताना बॅटरीवरचं व्होल्टेज, ॲम्पवरचं व्होल्टेज आणि बॅटरी मायनस ते ॲम्प ग्राउंड हे तीन आकडे मला कळवा, इंजिन आयडलवर असतानाचे आणि थोडी रेस दिल्यावरचे. दोष वायरमध्ये आहे, अर्थमध्ये आहे की अल्टरनेटरमध्ये, ते त्यावरून ठरवता येईल.